राणीची सही

ऑपेरा म्हणजे संवादसुद्धा गाऊन म्हणायचं नाटक. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली लंडनमध्ये ‘ग्लोरियाना’ हा ऑपेरा झाला. संगीत बेंजामिन ब्रिटन यांचं. गोष्ट मात्र पहिल्या एलिझाबेथची.

तिचा लाडका सरदार एसेक्स बंड करतो. शिक्षा मृत्यूची, पण राणीचा हात सहीसाठी उठत नाही. एसेक्सची बहीण रदबदलीला येते, तोऱ्यात बोलते. राणी चिडते आणि सही करून टाकते. मग उरते एकटी, थकलेली म्हातारी. समारंभाला आलेल्या बड्या मंडळींना हे रुचलं नाही.

मला मात्र ती राणी आपली वाटली. गटात जवळच्याच बाईचा हप्ता थकला, तर नोटिशीवर सही करावी लागतेच. फक्त ती रागात नको.