सहलीत जेवताना आधी विचारा

चवदार तळ्याला वंदन करून आम्ही वस्तीतली मंडळी उमरठला, तानाजी मालुसरेंच्या समाधीकडे निघालो. वाटेत जेवायला थांबलो. सोबतच्या एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. ‘भाजीत शेंगदाणे नाहीत ना?’ ‘नाहीत,’ वाढणारा म्हणाला. दोन घासांत मुलाचे ओठ सुजले. वाढणारा खोटे बोलला नव्हता. दाणे नव्हते, कूट होते. वेळेवर इंजेक्शन मिळाले, मूल वाचले.

म्हणून बंधू-भगिनींनो, स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारा: वाटणात काय? तेल कोणते? याच कढईत कोळंबी तळली का? कोकणात भाजीत सुकट, जवळाही असतो. खात्री नसेल तर घरचा डबा उघडा. बंद पाकिटावर ॲलर्जीची माहिती छापणे बंधनकारक आहे, ती वाचा.

खाल्ल्यावर श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर लगेच १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन जवळ दिले असेल तर मांडीत द्या. नुसत्या गोळीवर विसंबू नका. रुग्णाला आडवे करा, चालवू नका. दम लागत असेल तर बसवा.

विचारायला लाजू नका. १९२७ साली याच महाडात आपली माणसे पाण्याच्या हक्कासाठी उभी राहिली. ताटात काय आहे, हे विचारणेही हक्कच आहे.