तासाची शेवटची दहा मिनिटे

शाळेची घंटा झाली की काय होते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पोरं धडपडत उठतात, दप्तर ओढतात आणि दाराकडे धाव घेतात. एकच गलका होतो. कुणाची पाटी पायाखाली येते, तर कुणी दारातच पडतो. मागे वर्गात खडूचे तुकडे, कागदाचे कपटे आणि वेडीवाकडी बसकरं राहतात. आपण म्हणतो, "पोरंच ती! चालायचंच."

पण हे चालू देऊ नये. गणिताच्या तासाला तर नाहीच नाही. का, ते या पाठात सांगतो.

मध्यंतरी आम्ही एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत गेलो होतो. दुसरीचा वर्ग होता. मुलं तीस. वजाबाकी चालली होती. बाईंनी पाच-पाच मुलांचे सहा गट केले होते. प्रत्येक गटाला काड्यांचे ५ गठ्ठे दिले होते. एका गठ्ठ्यात १० काड्या आणि त्यांना एक रबर. १० काड्यांचा गठ्ठा म्हणजे एक दशक. सुटी काडी म्हणजे एकक.

फळ्यावर गणित होते : ४२ वजा १७.

मुलांनी ४ गठ्ठे पुढे घेतले. पाचवा गठ्ठा सोडून त्यातल्या २ काड्या घेतल्या आणि ८ बाजूला ठेवल्या. झाले ४२. आता १७ काढायचे. सुट्या काड्या दोनच, त्यातून ७ कशा जाणार? मग त्यांनी आणखी एक गठ्ठा सोडला. सुट्या काड्या झाल्या १२. त्यातून ७ काढल्या, ५ उरल्या. राहिलेल्या ३ गठ्ठ्यांतून १ काढला, २ उरले. उत्तर आले २५.

बाजारात आपण हेच करतो, नाही का? कनवटीला दहाच्या चार नोटा आणि दोन रुपये सुटे आहेत. भाजीचे १७ रुपये द्यायचे आहेत. मग एक नोट मोडावीच लागते. गठ्ठा सोडणे म्हणजे नोट मोडणे, बरं का.

घंटेला दहा मिनिटे उरली. बाईंनी दोन टाळ्या वाजवल्या. मुलांनीही दोन टाळ्या दिल्या आणि हात थांबले. कुणी ओरडले नाही. बाई म्हणाल्या, "चला, आता आवरायचं."

आम्हाला वाटले, शिकवणे संपले. पण तसे नव्हते.

प्रत्येक गटाने आधी काढलेल्या १७ आणि उरलेल्या २५ काड्या एकत्र केल्या. ७ आणि ५ मिळून १२ झाल्या. त्यातल्या दहांना रबर लावले, दोन सुट्या राहिल्या. पुन्हा ४ गठ्ठे आणि २ काड्या! म्हणजे पुन्हा ४२. वजाबाकी बरोबर आली, हे मुलांना कुणी सांगावे लागले नाही. आवरता आवरता त्यांनी आपल्या हाताने ताळा केला. मग बाजूच्या ८ काड्या त्या दोनांत मिळवल्या आणि पाचवा गठ्ठा बांधला.

सहा गट, प्रत्येकी ५ गठ्ठे. सगळे मिळून ३० गठ्ठे, म्हणजे ३०० काड्या. डब्याच्या झाकणावर आतून हा आकडा लिहिलेला होता. डबा मोजूनच बंद व्हायचा.

त्या दिवशी एका गटाच्या शेवटच्या गठ्ठ्यात नऊच काड्या भरल्या. लगेच दोन मुलं उठली आणि कोपऱ्यातल्या एका पोराकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, यानंच घेतली!" त्या पोराचे तोंड एवढेसे झाले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाव कुणाचं घ्यायचं नाही. आधी शोधायचं."

बसकरं झटकली. एका बसकराच्या घडीतून काडी खाली पडली. बोट दाखवणारी दोन्ही मुलं गप्प झाली. बाईंनी त्यांनाच ती काडी गठ्ठ्यात घालायला लावली. गोष्ट तिथेच मिटली.

नंतर आम्ही बाईंना विचारले, "एका काडीसाठी एवढी शोधाशोध कशाला, बाई?"

त्या म्हणाल्या, "गठ्ठ्यात नऊ काड्या राहिल्या तर उद्या एखादं मूल दहा समजून तो गठ्ठा घेईल. त्याचं उत्तर चुकेल. चूक गठ्ठ्याची, पण त्याला वाटेल, मलाच गणित येत नाही. एकदा हे मनात बसलं की काढणं फार जड जातं."

आम्हाला त्यांचे म्हणणे पटले. हरवलेल्या वस्तूसाठी पोरांना झोडपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण २००९ सालच्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई केली आहे. चारचौघांत पोराला चोर ठरवणे हाही छळच म्हणायचा.

डबा बंद झाल्यावर एक गट उठला. भिंतीवर तक्ता होता. सोमवार ते शनिवार सहा दिवस आणि सहा गट. ज्या गटाची पाळी, त्याने कपटे वेचायचे, केर काढायचा आणि फळा पुसायचा. फळा पुसायला ओले फडके होते. कोरड्या फडक्याने खडूची धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते.

त्या दिवशी झाडू एका मुलाच्या हातात होता. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. काही ठिकाणी झाडू मुलींनाच देतात. काही ठिकाणी तर गावाच्या ठराविक वस्तीतल्या पोरांनाच देतात. हा उघड अन्याय आहे. आपल्या राज्यघटनेने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले. तरी झाडू कुणाच्या हातात जातो, यावरून ती कुठे कुठे लपून बसली आहे ते कळते. गाडगेबाबा दिवसा स्वतः गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. केर काढण्यात कमीपणा नाही. एकानेच काढावा आणि बाकीच्यांनी बघत बसावे, कमीपणा त्यात आहे. म्हणून पाळीचा तक्ता हवा, आणि त्यात सगळ्यांची नावे हवीत.

मग बाईंनी पुसलेल्या फळ्यावर एकच गणित लिहिले : ३१ वजा १४. प्रत्येक मुलाने कागदाच्या चिठ्ठीवर नाव आणि उत्तर लिहिले. जाताना दारात ती बाईंच्या हातात द्यायची. त्यांनी तिथे कुणालाही 'चूक' किंवा 'बरोबर' म्हटले नाही. चिठ्ठी घेतली आणि "शाबास, उद्या ये" एवढेच म्हटले.

बाहेर जाण्याचीही रीत होती. दाराजवळचा गट आधी, मग त्याच्या मागचा. सगळे एकदम उठत नव्हते. बाई दारात उभ्या राहून मुलं मोजत होत्या. तिसावे मूल बाहेर पडले तेव्हा घंटा झाली. मुलं रांगेने हात धुवायला आणि जेवायला गेली. आवरायला तीन मिनिटे, केर काढायला दोन, चिठ्ठीला तीन आणि बाहेर पडायला दोन. अशी दहा मिनिटे बरोबर पुरली.

जेवणानंतर बाईंनी आमच्यासमोर चिठ्ठ्या पाहिल्या. बरोबर उत्तर १७. तेवीस मुलांचे ते आले होते. दोन मुलांनी भलतेच आकडे लिहिले होते. पाच मुलांनी मात्र २३ लिहिले होते. पाचही जणांचे एकच चुकीचे उत्तर कसे आले? बाई म्हणाल्या, "या मुलांनी गठ्ठा सोडलाच नाही. १ मधून ४ जात नाहीत, म्हणून ४ मधून १ काढला. आले ३. मग ३ मधून १ गेला, २ राहिले. झाले २३." म्हणजे चूक कुठे होते ते चिठ्ठीने दाखवले. दुसऱ्या दिवशी त्या पाच जणांना जवळ घेऊन बाई पुन्हा काड्यांनी गणित करणार होत्या. भलते आकडे लिहिणाऱ्या दोघांना आधी काड्या मोजायला देणार होत्या.

हे पाहताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली, ती सांगतो. आमच्या रात्रीच्या साक्षरता वर्गात आम्ही हातच्याची बेरीज शिकवत होतो. तास संपताना विचारायचो, "समजलं ना सगळ्यांना?" सगळे म्हणायचे, "हो." दिवे मालवून आम्ही घरी जायचो. वर्गात एक बाई होत्या. दिवसभर शेतात राबून यायच्या. त्याही 'हो' म्हणायच्या. एक दिवस त्या यायच्या थांबल्या. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सगळ्यांना येतं, माझ्या एकटीच्याच डोक्यात शिरत नाही. मग कशाला उगाच यायचं?"

खरे तर आणखी तिघांना येत नव्हते. पण ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि आम्हालाही नव्हते. 'समजलं ना?' असे विचारले की माणूस लाजेने 'हो'च म्हणतो. आम्ही एक चिठ्ठी घेतली असती तर पहिल्याच रात्री आम्हाला कळले असते. आता आम्हीही तासाच्या शेवटी चिठ्ठी घेतो. त्या बाई पुन्हा येऊ लागल्या आहेत. परवा त्यांनी दुकानदाराच्या हिशेबातली सात रुपयांची चूक काढली.

तेव्हा मंडळी, पोर शाळेतून आले की "किती मार्क पडले?" हे मागाहून विचारा. आधी विचारा, "आज चिठ्ठीवर कोणतं गणित होतं?" घरी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे करून ठेवा. जोंधळ्याच्या काड्याही चालतील. पोराला म्हणा, "मला ४२ मधून १७ काढून दाखव." त्याने दाखवले की तुम्हीही एकदा करून पाहा.

आणि खेळ झाल्यावर काड्या दोघांनी मिळून मोजा. पन्नास भरल्या की मगच रबर लावून ठेवा.