मोडी कागदपत्रांचे दृश्यसौंदर्य : एक विवेचन

प्रस्तावना

मोडी कागदपत्रांचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने आशयाच्या अंगाने झाला. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले. मजकूर बालबोध टायपात आल्याने तो अभ्यासकांस सुलभ झाला. मूळ कागदाचे रूप मात्र दृष्टीआड गेले. प्रस्तुत लेखात या रूपाचा विचार केला आहे.

विवेचन

मोडीचे सौंदर्य वेगातून जन्मास आले आहे. कारकून प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. बोरूच्या तिरप्या कापामुळे एकाच वळणात रेघ जाड होते व बारीकही होते. चिटणिशी, बिवलकरी अशी वळणांना नावे पडली, यावरून हाताची ओळख त्या काळी किती महत्त्वाची होती हे ध्यानात येते.

परंतु यास केवळ सुलेखन म्हणणे अपुरे ठरेल. येथे शोभा आणि पुरावा वेगळे काढता येत नाहीत. माथ्यावर 'श्री' आणि त्याभोवती सोडलेली कोरी जागा हा मान असे. शिवकालीन पत्रांत शिरोभागी अष्टकोनी मुद्रा, तर मजकूर संपताच मर्यादेची लहान मुद्रा उमटविली जाई. तिच्यापुढे कोणास अक्षर वाढविता येऊ नये, हा हेतू. लांब कागदासाठी बंद एकापुढे एक चिकटवीत आणि सांध्यावर शिक्का मारीत.

२०१४ मध्ये मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि संगणकीय अक्षर दरवेळी सारखेच उमटते. हात ओळखण्यास तेथे वाव नाही.

कर्वेनगर येथील आमच्या वर्गात एका विद्यार्थिनीने घरचा मोडी कागद आणला होता. दिवाणखान्यात लावण्यासाठी तो काचेच्या चौकटीत बसविला होता. अक्षर देखणे, शाई अजून काळीभोर. चौकटीत मावेना म्हणून खालचा चार बोटे भाग कापून टाकल्याचे तिने सहज सांगितले. तेथे काही शिक्का होता का, हे घरात कोणास आठवत नव्हते. उरलेला मजकूर आम्ही वाचला; तो तेथेच संपतो की पुढे काही होते, हे आता ठरविता येत नाही.