फलटणच्या कळपातलं बदललेलं जनुक

सातारा जिल्ह्यात फलटणला मेंढ्यांचा असा एक कळप आहे, ज्यातल्या जनावरांची नोंद करताना जनुकाच्या एका बदललेल्या रूपाच्या किती प्रती आहेत हेही लिहावं लागतं: एकही नाही, एक किंवा दोन. बनबिहारी निंबकरांनी १९६८मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा, म्हणजे ‘नारी’चा हा कळप. जुळी देणारी ‘नारी सुवर्ण’ मेंढी इथूनच आली. संस्थेच्या पशुसंवर्धन विभागाच्या चंदा निंबकर, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांचे शास्त्रज्ञ यांचं हे एकत्र काम आहे. त्याबद्दलचे गैरसमज मात्र कामाइतकेच जुने असावेत.

‘म्युटंट म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेलं जनावर.’

नाही. हा बदल निसर्गात झाला, आणि फलटणला तो बंगालच्या सुंदरबनातून आला. तिथली गरोळ मेंढी प्रौढ झाली तरी जेमतेम १०-१५ किलोंची, पण जुळी-तिळी सहज देणारी. १७९२-९३मध्ये बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं सिडनीला गेल्या होत्या. पुढे न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरूला’ नावाच्या मेंढीफार्मवर सीअर्स बंधूंनी जास्त पिल्लं देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून जपल्या. त्या गुणामागे एकच मोठं जनुक आहे, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झालं. ‘फेक-बी’ हे त्याचं नाव. २००१मध्ये तीन संशोधनगटांनी स्वतंत्रपणे नेमका बदल शोधला: एका प्रथिनाच्या साखळीत २४९व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन. एवढाच फरक. पाठोपाठ गरोळमध्येही तोच बदल सापडला आणि बंगालचा धागा पक्का झाला. आपल्याच देशातला हा ठेवा आपल्याला ऑस्ट्रेलियाच्या वाटेनं उमगला, याची मला खंतही वाटते आणि आनंदही.

‘गरोळचं रक्त मिसळलं की आपली मेंढी बुटकी होणार.’

पहिल्या पिढीत ही भीती खरी आहे. म्हणूनच पहिल्या संकरावर कुणी थांबत नाही. संकरित पिल्लांतली जनुकवाहक तेवढी निवडून पुन्हा इथल्या दख्खनी मेंढ्यांशी लावतात. गरोळचा वाटा निम्म्यावरून पावावर, मग आठव्या आणि सोळाव्या हिश्शावर येतो. हवं ते जनुक मात्र दर पिढीत तपासून राखलेलं असतं. उंदरांचे वाण शास्त्रज्ञ याच रीतीनं शुद्ध करतात. तिथे साधारण दहा पिढ्यांचा दंडक आहे, कारण उंदराची पिढी काही महिन्यांत फिरते. मेंढीला त्यासाठी वर्षं द्यावी लागतात.

‘जाणत्या मेंढपाळाला मेंढा बघूनच कळतं.’

जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी पारखायला डोळा पुरतो. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, उंची, अंगाचा लांबपणा हे सगळं समोर दिसतं, आणि सांगलीकडच्या मेंढपाळांची ती नजर खरोखर थक्क करणारी आहे. फेक-बी मात्र बाहेरून दिसत नाही. मेंढ्यात तर ते मुळीच दिसणार नाही, कारण त्याचं काम मादीच्या बीजांडकोशात चालतं. पूर्वी दुर्बिणीनं बीजांडकोश पाहावा लागे, नाहीतर मेंढ्याच्या मुली विण्याची वाट पाहावी लागे. आता रक्ताच्या नमुन्यातल्या डीएनएचा लहानसा तुकडा वाढवून त्यावर एक विकर सोडतात. बदल असेल तर तुकडा कापला जातो, नसेल तर अखंड राहतो.

‘एका प्रतीनं जुळं, तर दोन प्रतींनी दुप्पट फायदा.’

दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. एक प्रत असलेल्या मेंढीला साधारण दर दुसऱ्या वेतात जुळं होतं. दोन प्रतींनी सुटणारी बीजं वाढतात, पण हाती येणारी कोकरं त्या प्रमाणात वाढत नाहीत. तिळी आली की ती अशक्त निघतात. मेंढपाळाच्या वाड्यात एक प्रत असलेली मेंढीच सोयीची. याच जनुकाचं काम पूर्ण बंद केलेले उंदीर शास्त्रज्ञांनी तयार केले, तेव्हा त्यांची बोटं आखूड निघाली आणि माद्या वांझ. म्हणजे जनुकाचा जोर थोडा उतरला तर पिल्लं वाढतात, आणि ते पुरतं बंद पडलं तर वंशच खुंटतो. हे कळलं ते असे वाण कुणीतरी सांभाळून ठेवतं म्हणून.

‘एकदा मेंढा आणला की गुण कायमचा आला.’

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो. दोन प्रतींचा मेंढा साध्या मेंढ्यांना लावला तर सगळ्या पिल्लांना एकेक प्रत मिळते; तपासणीचीही गरज नाही. पण त्या मुलींना पुन्हा साधा मेंढा लागला तर त्यांच्या निम्म्याच पिल्लांत जनुक उतरतं, आणि त्यांच्या पिल्लांत आणखी कमी. तपासणी नसेल तर काही वर्षांत त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून फलटणला दोन प्रतींचे मेंढे सतत तयार ठेवावे लागतात आणि मेंढपाळांनी ते पुन्हा न्यावे लागतात.

उंदरांच्या जगात हे काम करणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. अमेरिकेतली जॅक्सन प्रयोगशाळा १९२९पासून उंदरांवर काम करते. ती वाण जपते, तपासते आणि जगभर पाठवते. शुक्रजंतू आणि भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवले जातात, म्हणजे एखाद्या रोगानं वसाहत गेली तरी वाण जात नाही. जनुक एकाच कळपात अडकवून ठेवणं धोक्याचं, हे मेंढ्यांनाही लागू आहे. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेनं गरोळ, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्यापासून ‘अविशान’ तयार केली, तिच्यातही हेच जनुक आहे. अशी दुसरी-तिसरी ठिकाणं असणं मला फार मोलाचं वाटतं.

‘जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही.’

इथे मेंढपाळाचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे. जुळी कोकरं जन्मतः हलकी असतात, आणि जनुक पोट वाढवतं, चारा नाही. माण, आटपाडी, जतच्या कोरड्या पट्ट्यात चाऱ्यामागे मैलोन्मैल फिरणाऱ्या कळपात सगळ्याच मेंढ्या जनुकवाहक करणं शहाणपणाचं नाही. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि विल्यानंतर खुराक देता येत असेल, अशक्त कोकराला वरचं दूध पाजायला घरात माणूस असेल, तर थोड्या मेंढ्यांपासून सुरुवात करावी. मेंढा घेताना त्याचा कानातला बिल्ला आणि तपासणीचा कागद एकाच क्रमांकाचा आहे ना, हे पाहून मगच पैसे द्यावेत.