वेगवान प्रवासी मोटारसायकल आणि तिची निगा

वेगाचा आनंद आणि दूरच्या प्रवासाची सोय या दोहोंचा मिलाफ साधणारा मोटारसायकलींचा जो वर्ग आज रूढ आहे, त्याची घडण होण्यास १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने बाजारात आणलेली आर १०० आरएस ही गाडी विशेषेकरून कारणीभूत झाली. कारण कृत्रिम वायुप्रवाहात पारखून घेतलेले तिचे पूर्ण आवरण स्वाराच्या छातीवरील वाऱ्याचा भार हलका करी, आणि मागील चाकास गती देणारा बंदिस्त दांडा असल्याने साखळीला वंगण देण्याची दगदगही उरत नसे.

तथापि दांडा आहे म्हणून निगराणी माफ होत नाही. त्याच्या दंतचक्रांच्या पेटीतील तेल ठरल्या मुदतीत बदलावेच लागते. सरळ महामार्गावर दीर्घकाळ धावल्याने टायरचा मधला पट्टा सपाट झिजतो आणि वळणावर गाडी सहजपणे कलत नाही. सामान व सोबती असता हवेचा दाब, टायर थंड असतानाच, पुस्तिकेबरहुकूम ठेवावा. जड जिन्नस सामानाच्या पेट्यांच्या तळाशी, दोन्ही बाजूंस समतोल भरावेत. प्रस्थानापूर्वीची ही तपासणी कोणत्याही सबबीवर टाळू नये.