लाल डबा टू सेसना

रविवार, सकाळचे दहा. बाहेर जूनचा धो धो पाऊस, आई कांदाभज्यांच्या तयारीत आणि आमचे बाबा न्यूझीलंडच्या आकाशात! खरंच सांगतेय. पुण्यातल्या टू बीएचकेत, माझ्या पीसीसमोर, बनियनवर.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर मी घेतला तो ऑफिसनंतरचा टाइमपास म्हणून. २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेला हा गेम बिंग मॅप्सच्या फोटोंवरून अख्खी पृथ्वी उभी करतो. हवामान लाइव्ह ठेवता येतं, घड्याळही तिकडचंच. (नेट मात्र दणकट हवं, नाहीतर डोंगर चिखलाच्या ढिगाऱ्यासारखे दिसतात.) बाबांनी आठवडाभर दारातूनच नाक मुरडलं. मग एक दिवस म्हणाले, "सरक जरा." बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस तो, किती वेळ नुसता बघत राहणार?

आम्ही क्वीन्सटाउनहून निघालो. तिकडे संध्याकाळचे साडेचार, सूर्य मावळतीला. विमान सेसना १७२, समोर वाकाटिपू लेक. विजेसारखं नागमोडी, ८० किलोमीटर लांब, देशातलं सगळ्यात लांब तळं. पाणीच समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, आणि डावीकडे २,३०० मीटरच्याही वर गेलेली रिमार्केबल्सची रांग, बर्फाने पांढरीशुभ्र. बॉस, ऑफिसचा सगळा वैताग तिथेच विरघळतो!

डोंगर दिसला की बाबा विमानाचं नाक वर खेचायचे. लगेच हॉर्न. "मागनं कोण ओव्हरटेक करतोय?" बाबा, तो स्टॉलचा इशारा आहे! वेग नसेल तर पंखांना आधार उरत नाही. हे एकदा कळलं आणि गडी तयार झाला. दरीत मधोमध न उडता एका कडेने जावं, म्हणजे मागे वळायला जागा राहते, हे मी व्हिडिओ बघून शिकले होते. बाबांना सांगावंच लागलं नाही.

किंग्स्टनच्या दिशेने जाताना पाण्याला खेटून एक रस्ता दिसतो, डेव्हिल्स स्टेअरकेस. बाबा विमान विसरून वाकून तोच बघत बसले.

"हा दादाचा येण्या-जाण्याचा रस्ता असेल का गं?"

मी गप्प. दादाचं नाव बाबांच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. इंजिनिअरची नोकरी सोडून तो २०१९ मध्ये तिथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये गेला, ते बाबांना कधीच पटलं नाही. मार्च २०२० मध्ये न्यूझीलंडने सीमा बंद केल्या. २०२१ मध्ये आजी गेली, तेव्हा तो येऊ शकला नाही. तेव्हापासून त्याचा फोन आला की तो आईच्याच हातात असतो. बाबा पेपर वाचतात, तेच पान.

"त्याचं घर दाखव," बाबा म्हणाले.

पत्ता आईकडे होता. फ्रँकटन, विमानतळाजवळच, तळ्याच्या काठाला. विमान खाली आणलं. ओळीने घरं, त्यातलं एक, लाल छपराचं. बाबा चष्मा पुसून बघत राहिले. मग मला खरं सांगावं लागलं. हे घर त्याचं नाही, बाबा. म्हणजे जागा तीच, पण अशा ठिकाणी फोटोवरून घर कुठे आहे एवढंच ओळखतात, भिंती आणि छप्पर सॉफ्टवेअर आपल्या मनाने उभं करतं.

"मग खरं कसं आहे?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं.

आईने भज्यांचा गॅस बंद केला, हात पदराला पुसले, फोन लावला आणि कीबोर्डशेजारी ठेवला. एकही शब्द न बोलता.

"हॅलो, आई?"

बाबांनी घसा खाकरला. "अरे... तुझ्या घराचं छप्पर कुठल्या रंगाचं आहे?"

पलीकडे बराच वेळ शांतता.

"राखाडी. का हो, बाबा?"

"इथं लाल दाखवतंय."

सेसना एव्हाना वाकाटिपूत पडलं होतं. स्क्रीनवर पुन्हा सुरू करायचं बटण आलं होतं. ते कोणी दाबलं नाही.