मध्यम सत्तांचे परराष्ट्र धोरण, लेखांक ५ : इंडोनेशियाने आपला समुद्र कसा मिळवला

गेल्या लेखांकात १९५६ च्या सुवेझ पेचप्रसंगातली कॅनडाची मध्यस्थी आपण पाहिली. तिथे कॅनडाची स्वतःची भूमी पणाला लागलेली नव्हती. इंडोनेशियाच्या बाबतीत मात्र प्रश्न देश एकसंध राहण्याचाच होता.

१९५७ साली या देशाच्या हजारो बेटांपैकी प्रत्येकाभोवती अवघा तीन सागरी मैलांचा पट्टा त्याच्या हक्काचा होता. हा नियम डचांनी १९३९ मध्ये केलेला. त्यामुळे जावा आणि कालीमंतान यांच्यामधला बहुतेक समुद्र कायद्याने सर्वांना खुला. पश्चिम न्यू गिनीवरून डचांशी वाद पेटलेला, सुमात्रा आणि सुलावेसीत लष्करी अधिकारी जाकार्ताला जुमानेनासे झालेले, आणि डच युद्धनौकांना बेटांच्या मधून फिरायला कुणाचीच आडकाठी नाही. परराष्ट्र धोरणाचा उगम आपण परराष्ट्र मंत्रालयाच्या टिपणांत शोधतो. इथे तो घरातल्या धास्तीत होता.

१३ डिसेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जुआंडा यांच्या सरकारने जाहीर केले, की सर्वांत बाहेरच्या बेटांची टोके सरळ रेषांनी जोडली जातील. रेषांच्या आतले सगळे पाणी इंडोनेशियाचे आणि बाहेरचे बारा मैलही त्याचेच. यामागचा कायदेशीर युक्तिवाद मोख्तार कुसुमाअत्मजा या अठ्ठावीस वर्षांच्या कायदेतज्ज्ञाचा. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स यांनी निषेध नोंदवला. एवढा समुद्र राखायला लागणारे आरमार तेव्हा इंडोनेशियाजवळ नव्हते.

पुढची पंचवीस वर्षे मला या गोष्टीत सर्वांत मोलाची वाटतात. १९५८ आणि १९६० च्या जिनिव्हा परिषदांत दावा मान्य झाला नाही. तरी १९६० मध्ये देशात त्याचा कायदा झाला. सुकार्नो गेले, सुहार्तो आले, अमेरिकेशी असलेले संबंध पार पालटले. हा दावा मात्र कुणी खाली ठेवला नाही. मग शेजाऱ्यांशी एकेक करार सुरू झाले. १९६९ मध्ये मलेशियाशी समुद्रतळाची सीमा ठरली, पुढे थायलंड आणि ऑस्ट्रेलियाशी. १९७४ मध्ये भारताशीही ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधली रेषा ठरली. १९७३ मध्ये फिजी, मॉरिशस आणि फिलिपिन्स यांना बरोबर घेऊन इंडोनेशियाने संयुक्त राष्ट्रांपुढे द्वीपसमूह राष्ट्रांची तत्त्वे मांडली. एकट्याची मागणी आता चौघांची झाली होती.

पण पारडे फिरले ते सवलतींमुळे. मलेशियाचे दोन भाग इंडोनेशियाच्या पाण्याने वेगळे पडणार होते; १९८२ च्या द्विपक्षीय करारात त्याला जाण्यायेण्याचे आणि पारंपरिक मासेमारीचे हक्क मिळाले. महासत्तांना हवी होती ती आरमाराची वाट. ठरावीक सागरी मार्गांवरून जहाजे व विमाने विनाअडथळा जातील, पाणबुड्यांना पृष्ठभागावर यावे लागणार नाही, हे इंडोनेशियाने मान्य केले. मालकी आपली, वाट सर्वांची. राष्ट्राभिमान दुखावणारी ही तडजोड आहे, आणि माझ्या मते तिच्यातच या धोरणाची परिपक्वता आहे.

१० डिसेंबर १९८२ रोजी जमैकातील मोंटेगो बे येथे सागरी कायद्याचा करार सह्यांसाठी खुला झाला. त्याचा चौथा भाग संपूर्णपणे द्वीपसमूह राष्ट्रांविषयी आहे. मोख्तार तोवर परराष्ट्रमंत्री झाले होते. रेषांच्या आतल्या पाण्याचे जमिनीशी प्रमाण एकास एक ते नवास एक या दरम्यान असावे, अशी अट त्यात आहे. देश निव्वळ बेटांचाच असावा, हीसुद्धा अट; म्हणून आपल्या अंदमान-निकोबारला हा नियम लागू होत नाही.

कागदावर मिळालेला समुद्र प्रत्यक्षात अजून वादातच आहे. इंडोनेशियाने उत्तर-दक्षिण असे तीन मार्ग आखून दिले. जावा समुद्रातून जाणारा पूर्व-पश्चिम मार्ग त्यांत नाही, म्हणून अमेरिका ही आखणी अपुरी मानते. उत्तरेला नातुना बेटांजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रावर चीनने आपल्या सागरी दाव्यासाठी नकाशावर आखलेली तुटक रेषा येऊन टेकते. २०१७ मध्ये जाकार्ताने तिथल्या पाण्याला 'उत्तर नातुना समुद्र' असे नाव दिले. मे २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना पत्र पाठवून इंडोनेशियाने कळवले, की १९८२ च्या कराराशी विसंगत असलेला कोणताही दावा आपल्यावर बंधनकारक नाही.

(पुढील लेखांक : तुर्कस्तान आणि १९३६ चा मॉन्त्रो करार)